पांढरीची भिंत : नांदेड-लातूरकडील घरांच्या लिंपणाचा आणि डागडुजीचा इतिहास

मराठवाड्यातील जुन्या गावाची जमीन दोन नावांनी ओळखली जात असे : पिकाखालची ती काळी आणि वस्तीखालची ती पांढरी. काळीला तिचा रंग निसर्गाने दिला आहे, पांढरीला मात्र तो घरांनी दिलेला आहे. कारण मातीच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या खचत गेल्या, त्यांच्यात चुलीची राख, शेण, भुसा, चुन्याचे तुकडे आणि खापऱ्या मिसळत गेल्या, त्यावरच नवी घरे उठली आणि गावठाण हळूहळू आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंच होत गेले. देशमुख-पाटलांच्या गढ्या, म्हणजे मातीच्या जाड तटांनी वेढलेले वाडे, ह्या साठ्याचे सर्वांत ठळक ढीग होत, आणि गढी ओस पडली की तिची माती गावाच्या भिंतींसाठी खणली जाई. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील घराच्या भिंतीचा इतिहास म्हणूनच कोणत्याही एका घरापासून सुरू करता येत नाही, कारण प्रत्येक भिंत ही आधीच्या भिंतींच्या मातीची असते. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथे पांढरीच्या टेकाडांतून सातवाहनकालीन वस्तू निघत आल्या आणि त्यांतूनच रामलिंगप्पा लामतुरे यांचा संग्रह उभा राहिला, जो आज शासकीय वस्तुसंग्रहालयाच्या रूपाने पाहता येतो. पुरातत्त्वज्ञ ज्याला वस्तीचे थर म्हणतो, त्याला गावातील गवंडी भिंतीचा कच्चा माल म्हणत आला आहे.

काळी माती घराजवळच मुबलक असताना ती भिंतीला का चालत नाही, ह्याचे कारण तिच्या स्वभावात आहे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या ह्याच गुणामुळे, आणि भिंतीवर थापलेला काळ्या मातीचा लेप वाळताना जाळीसारखा तडकून गळून पडतो. पांढरीत चिकणमातीचा अंश कमी असतो, राखेचा आणि बारीक गाळाचा अधिक असतो, शिवाय ती एकदा नव्हे तर अनेकदा भिजून-वाळून मुरलेली असते. त्यामुळे ती फारशी आकसत नाही आणि पाण्याचा निचराही नीट करते. हाच गुण छपराला उपयोगी पडत असल्याने माळवदावरही हीच माती पसरली जात असे. माळवद म्हणजे सपाट मातीचे छप्पर : लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर किलच म्हणजे जवळजवळ मांडलेल्या दांड्या किंवा फळ्या, त्यांवर तुराट्या वा पाल्याचा थर आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. चार खांबांमधल्या जागेला खण म्हणत आणि घराचे माप चौरस फुटांत न सांगता खणांत सांगत. उजेडासाठी आणि धुरासाठी माळवदाला ठेवलेले भोक म्हणजे साणे. छपराचा भार बहुतेक खांबांवर असे. भिंतीचे काम घर झाकण्याचे, ऊन अडवण्याचे, कोनाड्यांना आणि देवळ्यांना जागा देण्याचे होते, आणि त्यासाठी ती दोन ते अडीच फूट, कित्येक ठिकाणी त्याहूनही जाड रचली जाई. गरिबाच्या घरी दगड नसे. तेथे तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा, म्हणजे तुरीच्या वा कापसाच्या वाळक्या झाडांचा, कूड विणून त्याला दोन्ही बाजूंनी शेणमातीने लिंपत.

अशा भिंतीची आतली बाजू तयार झाली असे कधी म्हणता येत नसे. वर्षभरात धूर, तेल, ओल आणि पाठी टेकून बसणाऱ्यांचे डाग तिच्यावर साचत, मातीचा लेप कोठे फुगे, कोठे पोपडा धरून सुटे, आणि उंदीर तिच्या पायथ्याशी बिळे करत. त्यामुळे दुरुस्ती हा स्वतंत्र प्रसंग नसून घर चालवण्याच्या कामाचाच भाग होता आणि तो जवळजवळ संपूर्णपणे बायकांच्या हातात होता. ह्या कामाचे दोन टप्पे होते. पहिला लिंपण्याचा : सुटलेला पोपडा खरवडून काढायचा, भेग थोडी रुंद करून तिच्यातील भुगा झटकायचा, जागेवर पाणी शिंपडायचे आणि मग गारा, म्हणजे भुसा किंवा गव्हांडा घालून तुडवलेला चिखल, दाबून भरायचा. पाणी शिंपडण्याची ही पायरी वरवर क्षुल्लक दिसते, परंतु सगळे काम तिच्यावरच अवलंबून असते, कारण कोरडी जुनी माती नव्या चिखलातील पाणी झटकन ओढून घेते आणि ठिगळ वाळण्याआधीच भिंतीपासून सुटते. गारा लगेच वापरत नसत. तो दोन-चार दिवस भिजत ठेवला की भुसा कुजून नरम होई आणि चिखलाला चिकटपणा येई.

दुसरा टप्पा पोतेऱ्याचा. पोतेरे हा शब्द ज्या फडक्याने लेप फिरवायचा त्या फडक्यालाही लावला जातो आणि त्या कामालाही. जमिनीला सारवण आणि भिंतीला पोतेरे असा भेद बोलण्यात पाळला जात असे. गाळलेली पांढरी माती आणि शेण ताकाएवढे पातळ कालवून जुन्या लुगड्याच्या चिंधीने वरून खाली, हात पोहोचेल तेवढ्या कमानीत तो लेप दिला जाई. नीट पोतारलेल्या भिंतीवर ह्या कमानी एकमेकींत मिसळलेल्या दिसत आणि कोणाचा हात किती लांब, किती सराईत, हे त्यांवरून घरच्यांना ओळखता येई. चूल असलेल्या कोपऱ्याला हे काम वारंवार लागे आणि चुलीला तर रोजच. माजघराला महिन्या-दोन महिन्यांनी, ढेळजेला म्हणजे दाराच्या आतल्या देवडीला पाहुण्यांच्या येण्याजाण्याप्रमाणे. भिंतीच्या तळाशी गेरूचा किंवा कावेचा तांबडा पट्टा ओढण्याची रीत शोभेची मानली जाते, आणि ती शोभेची आहेही. पण जमिनीवर पाठ टेकून बसणाऱ्या घरात डाग नेमके त्याच उंचीवर पडतात आणि सारवणाचे शिंतोडेही तेथेच उडतात, हे लक्षात घेतले तर ह्या पट्ट्याला व्यवहाराचे कारणही पुरेसे होते.

कामाचे वेळापत्रक सणांनी बांधलेले होते. श्रावणातील पंचमीला भिंतीवर नाग काढायचे असत, आणि त्या दिवशी जमीन खणू नये असा दंडक असल्याने माती आधीच आणून ठेवावी लागे. भादव्यात महालक्ष्म्या येत, ज्यांना पश्चिम महाराष्ट्रात गौरी म्हणतात, आणि त्या बसतात ती भिंत तरी ताजी हवीच असे. घट बसण्यापूर्वी मात्र सगळे घर काढले जाई : भांडी, उतरंडी, अंथरुणे बाहेर आणि घरातील प्रत्येक भिंत लिंपून-पोतारून कोरडी. सणांचा हा क्रम हवामानाशी चांगलाच जुळतो, कारण पावसाळाभर ओल पिऊन मऊ झालेली भिंत भाद्रपदाच्या अखेरीपासून आश्विनातील उन्हापर्यंत वाळू लागते आणि लेप नीट धरण्याचा काळ नेमका हाच असतो. मार्गशीर्षातील वेळ अमावास्येला, जिला लातूर-नांदेडकडे येळवस म्हणतात, हेच साहित्य शेतात जाते : कडब्याची कोप उभारून तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडतात आणि त्यांना चुन्याचा आणि कावेचा हात देतात. पूजेच्या दगडालाही वर्षातून एकदा घराच्या भिंतीसारखेच रंगवावे, ही कल्पना ज्या समाजात रुजली त्या समाजात पोतेऱ्याला हलके काम का म्हणत, हा प्रश्न उरतोच. 'एखाद्याचे पोतेरे करणे' हा वाक्प्रचार मानाचा नाही.

चुना ही वेगळी पायरी होती आणि ती ऐपतीची होती. 'चुनेगच्ची वाडा' हा शब्दप्रयोग आजही श्रीमंतीचा निदर्शक आहे. त्यातील 'गच' हा फारसी शब्द आहे आणि बांधकामातील चुन्याच्या लेपाला तो लागतो; 'गच्ची' त्याच कुळातली. 'गिलावा' हाही फारसीतून आलेला शब्द, आणि त्याच्या मुळाशी असलेला 'गिल' म्हणजे चिखल, हे पाहिले की आज ज्या शब्दाने सिमेंटचा थर सुचवला जातो त्याचा जन्म मातीच्या लेपात झाला होता, हे ध्यानात येते. बहमनी काळापासून निजामी राजवटीच्या अखेरीपर्यंत, म्हणजे १९४८ पर्यंत, हा प्रदेश दख्खनी आणि मुघल सत्तांच्या अमलाखाली राहिला; कंधार, औसा आणि उदगीर येथील किल्ल्यांत चुन्याच्या गिलाव्याचे कसब दिसते आणि गवंड्याच्या भाषेत त्या दरबारी व्यवहाराचे शब्द टिकून राहिले.

चुनखडी दूरवरून आणावी लागत नसे. काळ्या जमिनीत आणि ओढ्यांच्या काठी तिचे पांढुरके खडे सापडतात. ते लाकडा-कोळशाबरोबर भट्टीत भाजून चुना करण्याचे काम लोणारी करत आणि कोळसा पाडणे हाही त्यांचाच व्यवसाय होता. भाजून निघालेला तो कळीचा चुना. त्यावर पाणी घालून तो विरवला की उकळून फुटतो आणि त्याचे पीठ होते. बांधकामासाठी तो घाणीत मळत : जमिनीत गोल चर, चरात वाळू आणि चुना, आणि बैलाने फिरवायचे दगडी चाक. मळणी जितकी अधिक तितका गिलावा चिवट, म्हणून घाणीचे फेरे मोजले जात. गूळ, हिरड्याचे पाणी, बेलफळाचा गर, तागाचे तुकडे अशी भर घालण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र होती. वेरुळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळले होते असे तेथील नमुन्यांच्या अभ्यासातून दिसून आले आहे, आणि अजिंठ्याच्या चित्रांखालचा लेपही माती, भुसा आणि वनस्पतींचे धागे यांचाच आहे. मराठवाड्यातील स्त्री गाऱ्यात भुसा घालते तेव्हा त्यामागील तत्त्व तेच असते, कारण धागे लेपाला ताण सोसण्याची शक्ती देतात आणि एकच मोठी भेग न पडता अनेक बारीक भेगा पडतात. साध्या घरी चुन्याचा उपयोग एवढाच की विरवलेला चुना पातळ करून, त्यात डिंक किंवा मीठ आणि चिमूटभर नीळ टाकून, अंबाडीच्या वाखाचा किंवा शिंदीचा कुंचा घेऊन भिंतीवर एक-दोन हात मारायचे. निळीमुळे पिवळसर पांढरा रंग डोळ्याला शुभ्र वाटतो. ह्या कामाला सफेदी म्हणत आणि ते पुरुष करत. मातीचा हात बायकांचा आणि चुन्याचा हात पुरुषांचा ही वाटणी, विकत आणलेला माल आणि फुकट मिळणारा माल यांच्या वाटणीशी जुळते.

विकतच्या मालाची वाट रेल्वेने रुंद केली. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्यातील रेल्वे विसाव्या शतकाच्या आरंभी नांदेडवरून धावू लागली आणि बार्शी लाइट रेल्वेचा अरुंदमापी फाटा १९११ मध्ये लातूरला पोहोचला. पेठा वाढल्या, लातूरच्या गंजगोलाईसारख्या बाजारात पत्रे, लोखंड, रंगाचे डबे आणि पुढे सिमेंटची पोती येऊ लागली. निजामाच्याच राज्यातील शहाबाद येथे सिमेंट तयार होत असे आणि शहाबादी फरशी तर आधीपासूनच ओसरीत आली होती. तरीही खेड्यातील भिंतीला ह्याचा स्पर्श बराच काळ झाला नाही.

भिंतीचा सर्वांत हट्टी शत्रू पांढरीतच दडलेला असतो. जनावरांचे मूत, राख आणि कुजलेले सेंद्रिय पदार्थ यांमुळे वस्तीच्या मातीत क्षार भरपूर असतात. जमिनीतील ओल भिंतीत चढली की हे क्षार पाण्याबरोबर वर येतात, पृष्ठभागाजवळ पाणी उडून जाते आणि क्षारांचे पांढरे स्फटिक लेपाच्या आत फुलून त्याला ढकलून देतात. ह्यालाच लोणा लागणे म्हणतात. जुन्या उपायात लोण्याशी लढाई नव्हती, तडजोड होती : खराब लेप दर वर्षी काढायचा, क्षार त्याच्याबरोबर निघून जातात, नवा लेप द्यायचा. मातीचा थर भिंतीसाठी वर्षाकाठी बळी जाणारे वस्त्र होता असे म्हटले तरी चालेल, आणि तो स्वस्त असल्याने बळी देणे परवडत असे.

परंतु ह्या सगळ्या काळजीची मर्यादा तिच्या खोलीत होती. बाईचा हात भिंतीच्या त्वचेपर्यंत पोहोचत होता, गाभ्यापर्यंत नाही. आणि गवंडी घर बांधून गेला की गाभ्याकडे पाहणारे कोणी उरत नसे. किल्लारी-औसा-उमरगा पट्ट्यातील दगडी भिंत खरे तर दोन भिंतींची जोडी होती. आतला आणि बाहेरचा असे न घडवलेल्या दगडांचे दोन पदर, त्यांच्यामध्ये दगडगोटे आणि माती. दोन्ही पदरांना शिवणारे आरपार दगड, म्हणजे भिंतीची पूर्ण जाडी व्यापणारे लांब दगड, बहुधा टाकलेच जात नसत आणि कोपऱ्यांवरही भिंती एकमेकींत नीट गुंतवलेल्या नसत. पावसाचे पाणी मुरून मधली माती खाली बसली की भिंतीला पोट सुटे, आणि त्या फुगवट्यावरूनही पोतेरे फिरत राही. माळवदाची डागडुजी तर अधिक घातक ठरली : दर उन्हाळ्याच्या अखेरीस गळती थांबावी म्हणून वर मातीचा आणखी एक थर पडे, जुना क्वचितच काढला जाई, आणि काही दशकांत डोक्यावर टनांनी माती साचे. सावधगिरीच्या सवयीनेच घराचे ओझे वाढवले होते.

१९९२ मध्ये किल्लारी परिसराला लहान धक्के बसू लागले, त्यांतील १८ ऑक्टोबरचा धक्का जाणवण्याजोगा मोठा होता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी मोठा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, महालक्ष्म्या होऊन आठवडाच लोटला होता आणि घटस्थापनेला पंधरवडा होता. म्हणजे भिंती नुकत्याच सणासाठी सजल्या होत्या आणि आतून पावसाळ्याने ओल्या होत्या. आतला पदर झोपलेल्या माणसांवर कोसळला आणि त्यामागोमाग छपराची माती. सरकारी आकड्यांनुसार ७,९२८ माणसे दगावली, लातूर आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांतील ५२ गावे पूर्ण उद्ध्वस्त झाली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती, जी जगाच्या मानाने प्रचंड म्हणता येणार नाही; विनाश एवढा मोठा झाला तो केंद्र उथळ होते म्हणून आणि भिंती अशा होत्या म्हणून. ज्या घरांत खांब-तुळयांचा सांगाडा मजबूत होता तेथे भिंती ढासळूनही माळवद खांबांवर उभे राहिले, हेही तेव्हा नोंदले गेले. त्यामुळे सगळा दोष जुन्या पद्धतीच्या माथी मारणे न्याय्य ठरत नाही. लाकूड दुर्मीळ झाल्यावर त्या पद्धतीतील सांगाडा अशक्त झाला आणि वजन मात्र कायम राहिले, हे अधिक खरे. देशाच्या तत्कालीन भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता. २००२ च्या सुधारणेत ते क्षेत्रच रद्द झाले आणि किल्लारी तिसऱ्या क्षेत्रात गेले.

भूकंपानंतर 'दुरुस्ती' ह्या शब्दाचा अर्थ बदलला. भारतीय मानक ब्युरोने १९९३ मध्येच मातीच्या इमारती, कमी ताकदीचे दगड-विटकाम आणि इमारतींची दुरुस्ती व मजबुतीकरण यांवरील तीन स्वतंत्र मानके (आयएस १३८२७, १३८२८ आणि १३९३५) प्रसिद्ध केली. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ पासून राबवलेल्या महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावांचे नव्या जागी स्थलांतर झाले, तर कमी-अधिक नुकसान झालेल्या सुमारे दोन लाख घरांची त्यांच्या जागीच दुरुस्ती आणि मजबुतीकरण करावयाचे ठरले व नुकसानीच्या प्रमाणात १७,००० किंवा ३४,००० रुपये मिळाले. मजबुतीकरण म्हणजे गाभ्यावरील उपचार होता : भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात वाकवलेली सळई आणि काँक्रीट भरायचे, जेणेकरून दोन पदर एकमेकांना शिवले जातील, दारे-खिडक्यांच्या वर घराभोवती जाळी आणि सिमेंटचा आडवा पट्टा बांधायचा, खांब आणि तुळई यांच्या सांध्याला तिरपा टेकू द्यायचा, आणि माळवदावरची जादा माती उतरवायची. अहमदाबाद स्टडी अ‍ॅक्शन ग्रुपसारख्या संस्थांनी काही गावांत अशी नमुन्याची कामे करून दाखवली. तरीही पुष्कळ घरमालकांनी जुन्या दगडी भिंतीकडे पाठच फिरवली; ज्या दगडाने माणसे मारली तो दगड शिवून पुन्हा त्याच्याखाली झोपावे, हे अभियंत्याला पटले तेवढे घरधन्याला पटले नाही, आणि अनुदानातून विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधून जुने घर तसेच ठेवण्याकडे कल राहिला. हा निर्णय अज्ञानाचा होता असे म्हणणे सोपे आहे, परंतु भीतीचा हिशेब मानकांत मांडलेला नसतो.

ह्याच कार्यक्रमात एक उलटापालट घडली, जिची नोंद वास्तुशास्त्रापेक्षा सामाजिक इतिहासात अधिक व्हायला हवी. स्वयम् शिक्षण प्रयोग ह्या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांना 'संवाद सहायक' नेमण्यात आले. अनुदानाचे हप्ते, साहित्याचा दर्जा आणि दुरुस्तीची रीत ह्यांची माहिती घरोघर पोहोचवणे आणि चाललेल्या कामावर नजर ठेवणे ही त्यांची जबाबदारी होती. पिढ्यान्‌पिढ्या भिंतीच्या वरच्या बोटभर थरापुरता ज्यांचा अधिकार होता, त्या आता गवंड्याला पट्ट्याची जाळी आणि सळईची लांबी विचारू लागल्या.

त्यापुढच्या काळात भिंतीची त्वचा मात्र त्यांच्या हातून गेली. जुन्या माती-दगडाच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर डिस्टेंपर किंवा ऑइलपेंट देणे प्रतिष्ठेचे झाले. शहरांत पुट्टी, म्हणजे पांढऱ्या सिमेंटच्या तयार पिठाचा लेप, आली आणि खरवडणे-भरणे-घासणे हे रंगाऱ्याचे काम ठरले. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटचा थर तिला सोडू देत नाही. त्यामुळे ओल आतच वर चढत राहते आणि पूर्वी गुडघ्याएवढ्या उंचीवर दिसणारा लोणा आता छातीएवढ्या उंचीवर, रंगाच्या पापुद्र्याखाली फुगलेला दिसतो. गोदावरीकाठच्या जुन्या नांदेडमधील घरांत हा अनुभव नवा नाही. सिमेंटचा लेप दर वर्षी बळी देता येत नाही, तो सुटतो तेव्हा आतली मातीही घेऊन सुटतो. शिवाय त्याला पाणी लागते : गिलाव्यावर निदान आठवडाभर पाणी मारावे लागते, आणि ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले तेथे ही अट लहान नाही. घागरभर पाण्यात एक खण पोतारून होत असे.

स्थलांतरित ५२ गावांसाठी शेतजमिनी संपादित कराव्या लागल्या आणि कुटुंबाच्या जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरे आखलेल्या रस्त्यांवर उभी राहिली. महसुली कागदात तेव्हा काळीची पांढरी झाली, जमिनीत मात्र नाही. नव्या गावठाणाखाली जुन्या भिंतींची माती नाही, गढी नाही, आणि भेग बुजवायला टोपलीभर पांढरी हवी असेल तर ती जुन्या गावाच्या ढिगाऱ्यावरून आणावी लागते. त्या ढिगाऱ्यांची माती राख आणि शेणाने समृद्ध असल्यामुळे खत म्हणून शेतात पडते. नव्या घरांच्या काँक्रीटच्या भिंतींना पडलेल्या चिरा पुट्टीने भरतात आणि पुट्टी किलोच्या भावाने मिळते.